वन-बीएचकेत ऑनलाइन क्लाससाठी जागा कशी काढावी? (सल्ला हवाय, जरा तातडीने)

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली. एफवायबीकॉमला नावापुरतं कॉलेज आणि खरा जोर सीए फाउंडेशनवर (सीएची पहिली परीक्षा), जानेवारीचा अटेम्प्ट द्यायचाय. क्लास ऑनलाइनच लावलाय, कारण ठाण्या-दादरला रोज जायचं म्हणजे अर्धा जीव लोकलमध्येच जातो. लाइव्ह लेक्चर संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ, शिवाय रेकॉर्डेड आहेत ती सकाळी कधीतरी.

आता घराचं सांगते. वन-बीएचके, माणसं पाच. सासू-सासरे आणि मुलगी हॉलमध्ये झोपतात, आम्ही दोघं बेडरूममध्ये. बेडरूम दहा बाय दहा, त्यात बेड, लोखंडी कपाट आणि वर माळा. बेड आणि भिंतीच्या मध्ये साधारण साडेतीन फुटांची पट्टी उरते. बाल्कनी आहे, काचा लावून बंद केलेली, पश्चिमेची. आणि साडेसहा ते साडेनऊ म्हणजे आमच्याकडे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको: दिवाबत्ती, सासऱ्यांच्या बातम्या, सासूबाईंच्या मालिका, कुकर, पोळ्या, सगळं त्याच वेळात. नवरा आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतो तेव्हा तर बोलायलाच नको.

सध्या ती बेडवर मांडी घालून, उशीवर लॅपटॉप ठेवून बसते. मान दुखते म्हणते, अक्षर पण बिघडलंय. बजेट दहा-बारा हजार. टेबल, खुर्ची, नेट, काय काय आणि कुठून घ्यावं? "घर बदला" सोडून काहीही सांगा.

बडबड्या

आधी खुर्ची. बाकी सगळं नंतर. मी वर्क फ्रॉम होमच्या काळात सहा महिने प्लास्टिकच्या खुर्चीवर काढले आणि नंतर फिजिओकडे जेवढे पैसे घातले त्यात दोन चांगल्या खुर्च्या आल्या असत्या. नवीन घेऊ नका, उल्हासनगरचं फर्निचर मार्केट तुम्हाला जवळ आहे, नाहीतर ओशिवऱ्याला जुनं ऑफिस फर्निचर मिळतं. बसून, मागे रेलून, वर-खाली करून बघून घ्या. गॅसचा पंप निकामी झालेला असेल तर खुर्ची हळूहळू खाली जाते, पाच मिनिटं बसल्याशिवाय ते कळत नाही.

पूर्वरंग

बाल्कनी आहे ना, मग प्रश्न काय? तिथे टेबल टाका, दार लावून घ्या, विषय संपला.

डोंबिवलीकरीण

@पूर्वरंग, पश्चिमेची आहे हो. दुपारी तीननंतर भट्टी होते, आणि बंद केलेली असल्यामुळे ऊन गेलं तरी भिंती रात्री आठपर्यंत तापलेल्या. आत्ता ऑक्टोबर येतोय. शिवाय वॉशिंग मशीन तिथेच आहे आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायची तीच एक जागा.

सुतारपक्षी

फर्निचरचं काम करतो म्हणून थोडं लिहितो, लांबेल.

ताई, तुम्ही विचारलंय ऑनलाइन क्लाससाठी जागा, पण माझ्या मते प्रश्न थोडा फिरवा. क्लास स्क्रीनवर असला तरी परीक्षा कागदावर आहे. माझा पुतण्या मागच्या वर्षी फाउंडेशन झाला म्हणून माहितीय, चार पेपर, त्यातले अकाउंटिंग आणि लॉ हे पहिले दोन तीन-तीन तासांचे, हाताने लिहायचे. बाकीचे दोन ऑब्जेक्टिव्ह, त्यात निगेटिव्ह मार्किंग. म्हणजे मुलीला तीन तास सलग बसून लिहायची सवय लागली पाहिजे, ती उशीवर लागत नाही. अक्षर बिघडलंय असं तुम्ही स्वतःच लिहिलंय.

तर टेबल लॅपटॉपच्या मापाचं घेऊ नका. ते जे ऑनलाइन मिळतात ना, घडीचे, पलंगावर ठेवायचे, कप ठेवायला भोक असलेले, ते बिनकामाचे. वहीच्या मापाने घ्या. फुलस्केप लाँगबुक पूर्ण उघडली की १७ इंच जातात. बाजूला मॉड्यूल, म्हणजे अभ्यासाचं पुस्तक, उघडं, ते धरा आणखी १७. बारा आकडी कॅल्क्युलेटर हाताशी पाहिजे, त्याला सहा-सात इंच. ही झाली साडेतीन फुटांची रांग आणि अजून पाण्याची बाटली नाही ठेवली. मग लॅपटॉप कुठे? लॅपटॉप या रांगेत ठेवायचाच नाही, तो मागे आणि वर. भिंतीवर छोटी फळी मारा नाहीतर जुना मॉनिटर असेल तर तो भिंतीला लावा. स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या रेषेत, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. तिला टाइप फारसं करायचं नाहीये, ऐकायचं आणि लिहायचंय.

तुमच्या साडेतीन फुटांच्या पट्टीत भिंतीला दुमडणारं टेबल बसेल. चार फूट लांब, १८ ते २० इंच खोल, १९ एमएमचा प्लाय, वर मायका. फोल्डिंग ब्रॅकेटची जोडी मिळते, किती वजन झेपतं ते पाकिटावर लिहिलेलं असतं, ते बघून घ्या, सगळ्यात स्वस्त उचलू नका. बसताना खुर्ची आणायची नाही, बेडच्या कडेवर बसायचं असं लोक सुचवतील, ऐकू नका. गादीवर माणूस बुडतो आणि टेबल छातीशी येतं.

भिंत कुठली आहे ते मात्र आधी सांगा.

डोंबिवलीकरीण

बाप रे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. भिंत बाथरूमच्या बाजूची.

सुतारपक्षी

मग थांबा! तिथे ड्रिल मारू नका. नळाचे पाइप भिंतीतून कुठून गेलेत ते तुम्हालाही माहीत नसणार. एक भोक आणि खालच्या मजल्यावाले वर येतील. शिवाय बाथरूमच्या भिंतीला ओल असतेच, प्लाय फुगतो. बेड समोरच्या भिंतीला सरकवता येतो का बघा, म्हणजे पट्टी दुसऱ्या बाजूला मिळेल. ती भिंत विटांची असेल तर उत्तम. सिपोरेक्सचे (हलके, सच्छिद्र सिमेंटचे) ब्लॉक असतील तर साधे फास्टनर सैल पडून बाहेर येतात, त्याला वेगळे लागतात. ड्रिल मारताना पूड लाल पडली तर वीट, पांढरी-राखाडी आणि अगदी भुसभुशीत पडली तर सिपोरेक्स समजा.

काडेपेटी

आम्ही कंदिलाखाली शिकलो, कुणी टेबल दिलं नाही की खुर्ची. शिकायचं असेल त्याला जागा लागत नाही आणि नसेल त्याला बंगला पुरत नाही. चालू द्या.

बडबड्या

आले कंदीलवाले 😀 काका, प्रत्येक धाग्यावर तोच कंदील, रॉकेल संपत कसं नाही?

परळकर

काडेपेटी, कष्टाचा मुद्दा मान्य, पण अर्धीच गोष्ट सांगताय. बाबासाहेबांचं उदाहरण घ्या, आमच्या परळच्याच चाळीत एका खोलीत सगळं कुटुंब. माणसं, सामान, चूल सगळं एकत्र. तर रामजीबाबांनी काय केलं, मुलाला संध्याकाळी लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. चरित्रांतून आहे हे. जागा नव्हतीच, पण घरच्यांनी वेळ कापून काढून दिली होती. जागा लागत नाही असं नाही, ती कुणालातरी आपल्यातून द्यावी लागते.

डोंबिवलीकरीण ताई, म्हणून मला वाटतं टेबलाच्या आधी घरात बसून वेळापत्रक ठरवा. साडेसहा ते साडेनऊ बेडरूम कोणाची, हे मोठ्याने बोलून ठरलं पाहिजे. नाहीतर चार हजारांचं टेबल येईल आणि त्यावर इस्त्रीचे कपडे.

वायरमन

नेटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. राउटर कुठेय? ९० टक्के घरांत तो दाराजवळ चपलांच्या रॅकच्या वर असतो कारण वायर तिथून आत येते आणि इन्स्टॉल करणाऱ्याला घाई असते.

डोंबिवलीकरीण

😳 अगदी तिथेच आहे. बेडरूममध्ये लेक्चर मध्येच गोल गोल फिरत बसतं. प्लॅन वाढवायचा का? आत्ता ५० एमबीपीएसचा आहे.

वायरमन

अजिबात वाढवू नका. चांगल्या क्वालिटीचा व्हिडिओसुद्धा चार-पाच एमबीपीएसच्या वर खात नाही. तुमच्याकडे ५० येतात, ते बेडरूमपर्यंत पोचत नाहीत एवढंच. आधी राउटरच्या शेजारी उभं राहून स्पीड टेस्ट करा, मग बेडरूममध्ये दार लावून. फरक दिसेल.

मग राउटरची दोन नावं दिसतात का बघा, एक साधं आणि एकाच्या शेवटी ५जी असं काहीतरी. ५ गिगाहर्ट्झवालं वेगाला भारी पण भिंतीपलीकडे मरतं. २.४वालं हळू पण भिंत ओलांडतं, फक्त बिल्डिंगमधले सगळे शेजारी त्याच्यावरच असल्यामुळे संध्याकाळी गर्दी असते. तुमच्याकडे बहुतेक दोन भिंती आणि मध्ये लोखंडी कपाट आहे. कपाट सिग्नलचा शत्रू.

सरळ उपाय, १५ मीटरची कॅट-६ लॅन केबल, दाराच्या चौकटीवरून केसिंग पट्टीत घालून बेडरूमपर्यंत. काही शेकड्यांत काम होतं. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा छोटा अडॅप्टर मिळतो. वायफाय बूस्टर वगैरेच्या नादी लागू नका.

लाईट जातात का?

डोंबिवलीकरीण

हल्ली कमी, पण शुक्रवारी मेंटेनन्सला जातात आणि पावसात तर कधीही.

वायरमन

मग राउटरसाठी मिनी यूपीएस घ्या. राउटरच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बहुतेक १२ व्होल्ट, आणि एक, दीड किंवा दोन अँपिअर, ते जुळलं पाहिजे. फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल तर दोघांना करंट लागेल, एकालाच दिला तर उपयोग शून्य. आणि लोकल केबलवाल्याचं नेट असेल तर गच्चीवर किंवा जिन्यात त्याचाही एक डबा असतो. त्याला बॅकअप नसेल तर तुमचा यूपीएस कितीही चालो, नेट जाणारच. त्याला आधी विचारा.

मोबाइलचा हॉटस्पॉट अडीनडीला ठीक. साध्या क्वालिटीवर तासाला साधारण अर्धा जीबी धरा, म्हणजे दिवसाच्या दीड जीबीत तीन तासांचं लेक्चर जेमतेम बसतं, रील्स बघून झाली असतील तर तेही नाही.

हापूसप्रेमी

तुम्हा शहरवाल्यांच्या समस्या वाचून गंमत वाटते. आमच्याकडे राजापूर तालुक्यात घरात रेंजच नाही, पडवीच्या एका खांबापाशी दोन काड्या येतात. भाचीचं टेबल म्हणून त्या खांबाशी लावलंय, उजेड-बिजेड बघून नाही. पावसात झड आत येते तेव्हा ताडपत्री बांधतो. लाइव्ह वगैरे विसरा, रात्री अकरानंतर नेट जरा मोकळं होतं तेव्हा दुसऱ्या दिवसाची लेक्चरं डाउनलोड करून ठेवते आणि दिवसा आतल्या खोलीत बसून बघते. एक फायदा, डाउनलोड केलेलं थांबवता येतं, मागे नेता येतं. ती म्हणते लाइव्हपेक्षा तेच बरं.

धाकटा नववीत आहे त्याला डीटीएचवरचे पीएम ई-विद्याचे चॅनल लावून देतो, एक वर्ग एक चॅनल असं आहे, फुकट आहे आणि रेंज लागत नाही. तुमच्या कामाचं नाही, पण कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

नाईटशिफ्ट

अभ्यासिका लावा की! डोंबिवलीत दोन-चार तरी असतीलच. पुण्यात सदाशिव पेठेत तर दर दोन बिल्डिंगमागे एक. महिन्याचे पैसे भरा, एसी, शांतता, वायफाय, स्वतःचा कप्पा. घरात एवढी उलथापालथ कशाला?

डोंबिवलीकरीण

विचारली होती. साडेनऊला लेक्चर संपून ती पावणेदहाला घरी येणार, त्यावर सासूबाईंनी जे तोंड केलं ते बघून मीच विषय बदलला. शिवाय तिला मोठ्याने बोलून पाठ करायची सवय आहे, लॉची कलमं ती अक्षरशः भाषण केल्यासारखी म्हणते. अभ्यासिकेतून दुसऱ्या दिवशी हाकलतील.

परळकर

माझ्या मते दोन्ही करा. रोज घरी, आणि परीक्षेच्या आधी शेवटचा महिना अभ्यासिका, दुपारी. तीन तास घड्याळ लावून अनोळखी टेबलावर पेपर सोडवायची सवय झाली की परीक्षेच्या हॉलमध्ये बावरायला होत नाही.

आज्जीबाई_ऑनलाइन

मी न्यू जर्सीतल्या नातवंडांना पुण्यातून आठवड्यातून एकदा मराठी शिकवते, त्यामुळे मीही या भानगडीतून गेले आहे. एक सुचवते, टीव्हीचा आवाज कमी करा असं घरातल्या म्हाताऱ्यांना सांगू नका. ऐकू कमी येतं म्हणून मोठा लावलेला असतो आणि "हळू करा" म्हटलं की अपमान वाटतो, मला स्वतःला वाटतो. त्यापेक्षा हेडफोन सासऱ्यांना द्या. मुलीला नाही, सासऱ्यांना! हल्लीच्या बऱ्याच टीव्हींना ब्लूटूथ असतं. आमच्या यांना दिला तर खूश, निवेदकाचा शब्द न् शब्द कळतो म्हणाले, आणि घरात जी शांतता झाली ती काय वर्णावी.

बडबड्या

आज्जी 🙏 हा सल्ला आजवरच्या सगळ्या धाग्यांत एक नंबर. वाचनखूण साठवली.

डोंबिवलीकरीण

आज्जी, हे डोक्यातच आलं नव्हतं! पण हेडफोन लावला की टीव्हीचा आवाज बंद होतो ना, मग सासूबाई?

वायरमन

काही टीव्हींत स्पीकर आणि ब्लूटूथ दोन्ही एकदम चालू ठेवता येतं, साउंडच्या सेटिंगमध्ये शोधा. नसेल तर मालिकेच्या वेळी स्पीकर आणि बातम्यांना हेडफोन. आजींना ऐकू नीट येत असेल तर स्पीकर हळूच राहील.

सुतारपक्षी

उजेडाचं राहिलं. वरची ट्यूबलाइट पाठीमागे असेल तर वहीवर स्वतःच्याच डोक्याची सावली पडते आणि मुलं पुढे वाकतात, मान त्यानेच दुखते, अर्ध्या वेळा खुर्चीचा दोष नसतो. टेबलाच्या वर, डाव्या बाजूला छोटी एलईडी पट्टी किंवा टेबल लॅम्प लावा. खिडकी स्क्रीनच्या बरोबर मागे किंवा समोर नको, बाजूला असावी.

डोंबिवलीकरीण

ती डावखुरी आहे.

सुतारपक्षी

मग दिवा उजवीकडे. कॅल्क्युलेटर डावखुरी मुलं कुठल्या हाताने मारतात तेही बघून घ्या. पुतण्याच्या क्लासमधली एक डावखुरी मुलगी लिहायची डाव्याने आणि आकडे उजव्याने मारायची, पेन खालीच ठेवायची नाही. सगळ्यांपेक्षा आधी बॅलन्स शीट टॅली.

उंचीचं पण सांगतो. टेबल साधारणपणे ३० इंचांचं करतात, ते साडेपाच फुटी पुरुषाच्या हिशोबाचं. मुलगी पाच फूट असेल तर २८ करा. तुम्ही भिंतीलाच लावताय, मग माप तुमच्या हातात आहे. तिला खुर्चीत बसवा, कोपर काटकोनात, कोपराच्या खाली अर्धा इंच पेन्सिलने खूण करा, तेच टेबलाचं माप. पाय टेकत नसतील तर खाली पाट.

छोटीची_आई

माझी मुलगी दुसरीत आहे, पावसाची सुट्टी पडली की शाळा ऑनलाइन घेते. तिच्यासाठी पण असं टेबल करावं का?

आज्जीबाई_ऑनलाइन

दुसरीला कशाला गं! २०२० मध्ये केंद्राच्या प्रज्ञाता मार्गदर्शक सूचना आल्या होत्या, त्यात पहिली ते आठवीला दिवसाला दोनच सत्रं, तीही तीस-पंचेचाळीस मिनिटांची, असं होतं. तेवढ्यासाठी चौरंग पुरे आणि तू शेजारी बस.

डोंबिवलीकरीण

अपडेट देते, बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं म्हणून.

रविवारी बेड सरकवला. खालून काय काय निघालं ते लिहीत नाही. पट्टी आता हॉलच्या बाजूच्या भिंतीला आली, पूड लाल पडली, म्हणजे वीट. ओळखीच्या सुताराकडून टेबल केलं, साडेचार हजार मजुरीसकट. उंची २८ घेतली. दुमडलं की कपाटाचं दार उघडतं, उघडलं की नाही, म्हणून साडेसहाच्या आधी ज्याला जे कपडे हवेत ते काढून घ्यायचे असा नियम केलाय, नवरा दोन वेळा विसरला आणि साडेनऊपर्यंत ऑफिसच्या शर्टात बसला. खुर्ची उल्हासनगरहून, जुनी, अडीच हजार. बडबड्यांनी सांगितल्याप्रमाणे पाच मिनिटं बसून बघितलं, पहिली खुर्ची खरंच हळूहळू खाली गेली, दुकानदार म्हणे "तुमचं वजन"!

लॅन केबल टाकली आणि गोल गोल फिरणं बंद. केबलवाल्याला विचारलं, गच्चीवरच्या डब्याला त्याची बॅटरी आहे म्हणाला, मग मिनी यूपीएस मागवला. सासरे हेडफोनवर आहेत आणि आता बातम्यांवर मोठ्याने उत्तरं देतात कारण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, पण भिंत मध्ये आहे, चालतंय. कुकर साडेसहाच्या आधी लावते, पोळ्यांचा आवाज नसतोच.

सकाळचं अडलं होतं, पाचला ती उठायला तयार पण बेडरूममध्ये आम्ही. तर मी तशीही डब्यासाठी पाचला उठते, आणि आता नवरा उशी घेऊन हॉलमध्ये तिच्या दिवाणावर जाऊन सातपर्यंत झोपतो. तक्रार करतो, पण जातो.

अक्षराचं अजून काही सांगता येत नाही. मान दुखते असं मात्र गेल्या आठवड्यात म्हणाली नाही. सगळ्यांचे आभार.

काडेपेटी

कॅल्क्युलेटर कुठला घेतला? नात अकरावीला कॉमर्सला आहे.

डोंबिवलीकरीण

काका, बारा आकडी साधा, चेक बटणवाला. सायंटिफिक किंवा प्रोग्रॅम होणारा घेऊ नका, परीक्षेला चालत नाही.

नाईटशिफ्ट

ब्रॅकेट किती इंची लावले? मलाही करायचंय.

सुतारपक्षी

२० इंच खोलीच्या टेबलाला १६ इंची पुरतात. प्लायची पुढची कड मात्र गोल मारून घ्या, मनगटाला लागते.